दर तिसऱ्या झोक्याला

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"सप्रेम नमस्कार. माझे वय ५४. लग्न होऊन वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील वाड्यात आले. बारा वर्षांपूर्वी आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी एका पतपेढीत हिशेबाचे काम करते. मुलगी पुण्याला असते. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. रोज संध्याकाळी त्या गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून काहीबाही सांगत आणि मी स्वयंपाकघरातून 'हं' म्हणत असे. झोपाळ्याची डावी कडी दर तिसऱ्या झोक्याला कुरकुरायची. तो आवाज आजही कानात आहे, पण त्यांनी सांगितलेले एक वाक्य म्हणाल तर आठवत नाही. झोपाळ्यावर आता वाळलेले कपडे पडलेले असतात. यजमान म्हणतात, कडीला तेल घालून टाकू. माझे सगळेच दिवस असे 'हं' म्हणण्यात निघून चालले आहेत. मुलीने फोनमध्ये माइंडफुलनेसचे, म्हणजे सजगतेचे, अ‍ॅप घालून दिले. वीस दिवस केले. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की सासूबाई समोर येतात आणि मी उठून कुकर लावते. कृतज्ञतेची वहीही आणली, रोज तीन गोष्टी लिहायच्या म्हणून. चौथ्या दिवसापासून त्याच तीन लिहू लागले: घर, तब्येत, माणसे. मग तीही सुटली. एक मैत्रीण म्हणते, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जा. जाऊ का? या वयात जमेल का? की माझ्यातच काही कमी आहे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एका वाक्याशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबले. डावी कडी, आणि तीही दर तिसऱ्या झोक्याला. ज्याचे लक्षच नव्हते अशा माणसाला हे सांगता येत नाही. कुकरची शिटी, नळाचे पाणी, खालून जाणारा भाजीवाला या सगळ्यांतून वाट काढत तो आवाज तुमच्यापर्यंत रोज पोहोचत होता, आणि तो मध्येच थांबला तर सासूबाई उठल्या की काय म्हणून तुम्ही मान वर करून पाहत असणार. म्हणजे तुमचे लक्ष त्यांच्याकडे होते. त्यांच्या शब्दांपर्यंत मात्र ते गेले नाही. शब्द गेले याचे दुःख खरे आहे आणि ते मी पुसू पाहणार नाही. परंतु 'मी तिथे नव्हतेच' असा जो आरोप तुम्ही स्वतःवर ठेवला आहे, तो तुमच्याच पत्रावरून टिकत नाही.

तुमच्यात काही कमी आहे का, या प्रश्नाचे उत्तर आधी देते. २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २,२५० प्रौढांना, ज्यांतील बहुतेक अमेरिकेतील होते, दिवसभरात केव्हाही फोनवर विचारले जाई की या क्षणी तुम्ही काय करत आहात, तुमचे मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि तुम्हाला कसे वाटते आहे. उत्तरांपैकी जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि मन भटकत असताना लोकांनी आपला आनंद कमी असल्याचे नोंदवले होते. कंटाळवाण्या कामांतच मन भटकते असेही नव्हते. जवळजवळ प्रत्येक कामात ते भटकत होते. माणसाचे मन असेच आहे. स्वयंपाकघरातून 'हं' म्हणणारी तुम्ही एकटी नाही. या शहरात रोज संध्याकाळी घरोघरी तेच चाललेले असते.

शिवाय, जे रोजचे आहे ते दिसेनासे होणे ही मेंदूची काटकसर आहे. पंखा सुरू केल्यावर थोडा वेळ त्याचा आवाज ऐकू येतो, मग येत नाही; वीज गेली आणि पंखा थांबला की एकदम जाणवते की इतका वेळ काहीतरी आवाज चालू होता. अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श, घराचा स्वतःचा वास, घरातल्या माणसाचा स्वर, सगळ्यांचे असेच होते. जे बदलत नाही त्याची खबर मेंदू पुढे पाठवत नाही, कारण बदललेल्या गोष्टीची खबर त्याला आधी घ्यायची असते. सासूबाईंचे सांगणे तुमच्यासाठी असे पंख्याच्या आवाजासारखे झाले होते, आणि त्यात प्रेम कमी होते असे मुळीच नाही. जी व्यक्ती उद्याही असणारच याची मनाला पक्की खात्री असते, तिच्याच बाबतीत असे घडते.

आता त्या अ‍ॅपविषयी. माइंडफुलनेस हा शब्द ज्या पाली शब्दासाठी इंग्रजीत रूढ झाला तो शब्द आहे 'सती', आणि सती म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. मला ही गोष्ट तुमच्या पत्राच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. लक्ष आणि आठवण या दोन्हींसाठी तिथे एकच शब्द आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ज्याकडे लक्ष गेले नाही ते आठवणीत रुजत नाही. मराठीतही आपण 'लक्षात राहिले नाही' असेच म्हणतो. सजगतेचा अभ्यास म्हणजे मन गेलेले आहे हे आठवणे आणि त्याला परत आणणे. मन जाणे हे त्यात गृहीतच धरलेले आहे. ते एकदाही गेले नाही तर अभ्यास कशाचा करायचा? तुम्ही वीस दिवसांत कितीतरी वेळा 'अरे, मन गेले' असे ओळखले असणार, आणि त्यालाच तुम्ही अपयश समजून बसलात.

हा समज का होतो हे मी जाणते, कारण आपल्या डोक्यात ध्यान म्हणजे रिकामे मन. वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात तर तो अधिकच पक्का असतो. दांडिया बाजारातील अरविंद निवासावरून तुम्ही लग्न झाल्यापासून येत-जात आला असाल. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदा संस्थानच्या सेवेत होते. डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर ते पुन्हा इथे आले आणि जानेवारी १९०८ मध्ये विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यातील एका खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितले ते असे, की विचार करू नका, नुसते मनाकडे पाहा. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच दूर सारा. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे श्री अरविंदांनी पुढे लिहून ठेवले आहे. ही आपल्या शहरात घडलेली फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ती एका योग्याची वाट होती. तुम्हाला मन निःशब्द करायचे नाही. तुम्हाला घरातल्या माणसाचे वाक्य ऐकू यायला हवे आहे. या दोन मागण्या वेगळ्या आहेत, आणि दुसरीसाठी डोळे मिटून बसण्याची मुळीच आवश्यकता नाही.

रुग्णालयात सजगता आणणाऱ्या जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो अभ्यासक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या, औषधांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी होता. त्यातील सुरुवातीच्या पाठांपैकी एक सगळ्यांना ठाऊक झाला आहे: एक मनुका घ्यायचा, तो जणू प्रथमच पाहत आहोत असा पाहायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, सावकाश चावायचा. मी तुम्हाला मनुका खायला सांगणार नाही, कारण तुमच्या घरात त्याहून चांगले साधन रोज दोनदा हाताशी येते.

फोडणी करताना तुम्ही कधी फोन पाहता का? मला खात्री आहे, नाही पाहत. तेल तापले की नाही हे तुम्ही त्याच्या अंगावरच्या तरंगावरून ओळखता. मोहरी टाकता, क्षणभर काहीच होत नाही, मग एक दाणा तडतडतो, मग दोन, मग सगळे एकदम, आणि तो आवाज ओसरू लागला की तुमचा हात आपोआप जिऱ्याकडे आणि हिंगाकडे जातो. कढीपत्ता ओला असेल तर तुम्ही मान थोडी मागे घेता. हळद शेवटी, कारण ती करपते. तिचा कच्चा वास जाऊन खरपूस वास येईपर्यंतचा वेळ दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तो तुम्हाला घड्याळावाचून कळतो. मग आमटीची डाळ ओतली की चर्र आवाज, आणि वाफेबरोबर सगळे घरभर. हे सगळे मिळून एक मिनिटही लागत नाही. त्या मिनिटात तुमचे डोळे, कान, नाक आणि हात एकाच ठिकाणी असतात. आपल्याकडे याला 'मन लावून करणे' म्हणतात, आणि तुम्हाला ते तीस वर्षांपासून येते. या वयात जमेल का, असे तुम्ही विचारता; तुम्ही ते आजही सकाळी केले असेल.

म्हणून सुरुवात तिथून करा. पुढचे पंधरा दिवस दुसरे काहीही नको. सकाळच्या फोडणीत इतकेच करायचे, की जे तुम्ही एरवी करताच ते होत असताना 'हे होते आहे' असे मनाशी कळू द्यायचे. मोहरीचा पहिला दाणा ऐकायचा. मन पतपेढीतल्या ताळेबंदाकडे गेले तर जाऊ द्या. मोहरीच तुम्हाला हाक मारून परत आणेल, हे फोडणीचे मोठे उपकार आहेत. श्वास अशी हाक मारत नाही, आणि म्हणूनच नवशिक्याला श्वासावर बसवणे मला पुष्कळदा घाईचे वाटते. आनंद वाटला पाहिजे अशी अपेक्षाही ठेवू नका. काही दिवस वाटेल, काही दिवस फक्त आमटी होईल.

तुमच्या वहीचे नेमके इथेच बिनसले, असे मला वाटते. कौतुक हुकमाने येत नाही. आधी वस्तूची दखल घेतली जाते, आणि मग कौतुक वाटायचे असेल तर वाटते. 'घर, तब्येत, माणसे' हे शब्द खरे आहेत, पण ते इतके मोठे आहेत की त्यांत काहीच दिसत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर तुम्ही रोज फक्त एकूण बेरीज लिहीत होतात आणि नोंदी कोऱ्या ठेवत होतात. कृतज्ञतेच्या नोंदींवर रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतील पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिले होते. रोज तीनचा नियम तुम्हाला जाचला असेल, तर त्यात तुमचा दोष नाही.

ती वही पुन्हा काढा, मात्र तिचे काम बदला. रोज रात्री तिच्यात एकच वाक्य लिहा: आज कोणीतरी तुमच्याशी बोललेले वाक्य, त्याच्याच शब्दांत. तुमचे मत नको, आभार नकोत, सार नको. यजमान चहा पिताना म्हणाले असतील, "खंडेराव मार्केटमध्ये लीलवा आला आहे, चांगला कोवळा आहे." एवढेच लिहायचे. पतपेढीतील एखादा खातेदार पासबुक पुढे करताना काही बोलला असेल, ते लिहायचे. हे काम सोपे वाटते, पण पहिले चार-पाच दिवस तुम्हाला एकही वाक्य जसेच्या तसे आठवणार नाही, त्याने खचू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र असे होऊ लागते की समोरचा माणूस बोलत असतानाच रात्रीची वही आठवते आणि कान टवकारले जातात. हातातील काम आपोआप थांबते. ऐकणे कसे असते, हे मग शिकवावे लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळांना मी ध्यानाऐवजी हेच सुचवते, आणि महिन्याभरात त्यांच्या वहीत घरातल्या माणसांचा खरा स्वर उतरलेला पाहून मला दरवेळी भरून येते. 'लीलवा आला आहे' या वाक्यात तुरीच्या ओल्या दाण्यांखेरीज आणखी काय काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको: थंडी पडू लागली आहे, तुम्हाला कचोऱ्या आवडतात हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते बाजारात तुमची आठवण काढून उभे होते.

मुलीचा फोन येतो तेव्हा तो स्पीकरवर ठेवून भाजी निवडण्याची सवय असेल, तर पहिली पाच मिनिटे तरी फोन कानाशी धरून, बसून बोला. आणि या रविवारी तिला एक गोष्ट आवर्जून विचारा: आजी तुला काय काय सांगायची? हाच प्रश्न यजमानांना विचारा, नणंद किंवा दीर असतील तर त्यांनाही. वृद्ध माणसे त्याच त्या गोष्टी सगळ्यांना सांगतात. तुमच्या कानावरून गेलेली वाक्ये दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात असण्याचा पुष्कळ संभव आहे. ती वहीच्या शेवटच्या पानांपासून उलट्या क्रमाने लिहीत चला.

घराबाहेर काय करावे, असे तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. स्कूटर चालवताना लक्ष फक्त रस्त्यावर हवे, तिथे दुसरा कुठलाही अभ्यास नको. पण कमाटीबागेकडे कधी गेलात तर विश्वामित्रीच्या पुलावर पाच मिनिटे उभ्या राहा. मगरी पाहायला लोक तिथे थांबतातच. पहिल्यांदा खाली फक्त चिखल, झुडपे आणि वाहून आलेली लाकडे दिसतात. पाहत राहिले की त्यातल्या एका लाकडाला डोळे असल्याचे ध्यानात येते, मग पाठीवरचे खवले, मग शेपूट, आणि एकदा दिसली की ती इतका वेळ दिसली कशी नाही याचे आश्चर्य वाटते. मगर जागची हललेली नसते. पाहण्याला किती वेळ द्यावा लागतो याचा इतका सरळ धडा मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

शिबिराविषयी माझे मत स्पष्ट आहे: यंदा जाऊ नका. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतील दहा दिवसांचे शिबिर, ज्याचे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून आहे, हा गंभीर आणि कठोर अभ्यास आहे. दहा दिवस मौन, फोन नाही, वाचन-लेखन नाही, दिवसाचे दहा-अकरा तास ध्यान. पुष्कळांना त्याचा फार लाभ झालेला मी पाहिला आहे. पण तुम्ही डोळे मिटताच सासूबाई समोर येतात. ते मन भटकणे नव्हे, तो शोक आहे, आणि त्याला एक वर्षही धड झालेले नाही. त्याच्यासमोर दहा दिवस एकट्याने, कोणाशी एक शब्दही न बोलता बसावे, असे मी तुम्हाला सांगणार नाही. त्या समोर आल्या तर येऊ द्या. श्वासाकडे परत येण्याची घाई करू नका, आणि कुकर लावायलाही उठू नका. थोडा वेळ त्यांच्याकडेच पाहा. त्यांनी कुठले पातळ नेसले आहे? हात कुठे ठेवला आहे? रडू आले तर रडा. शिबिराचा विचार पुढच्या वर्षी पुन्हा करता येईल, आणि त्या वेळी शिबिराच्या अर्जात मनाच्या प्रकृतीविषयी जे विचारतात ते खरे खरे लिहा.

एक गोष्ट मात्र काळजीने विचारते. झोप मोडणे, जेवणावरची वासना जाणे, कशातच मन न लागणे किंवा जगणे नकोसे वाटणे, असे काही पंधरा दिवसांहून अधिक काळ रोज होत असेल, तर वही आणि फोडणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही गुजरातीतही बोलता येते. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटले नाही. तरीही पत्रात सगळे येत नाही, म्हणून लिहिले.

आता राहिला झोपाळा. त्याच्यावरचे कपडे आजच उचला. संध्याकाळी, गॅस लावण्यापूर्वी, दहा मिनिटे तिथे बसा. यजमान घरी असतील तर त्यांनाही शेजारी बसायला सांगा, आणि ते बोलले तर झोपाळ्यावरून 'हं' म्हणा, स्वयंपाकघरातून नको. पाय जमिनीला लावून हलका झोका घ्या. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला ती डावी कडी कुरकुरेल. आठवण ज्या जागी, ज्या आवाजात रुजलेली असते, त्याच जागी आणि त्याच आवाजाने ती वर येण्याचा संभव अधिक असतो. सासूबाईंचे एखादे वाक्य येईल की नाही याची हमी मी देऊ शकत नाही, आणि येईल या आशेने ताटकळत बसू नका. पण आले तर तिथेच येईल असे मला वाटते. यजमानांना सांगा, एवढ्यात कडीला तेल घालू नका.